‘खेळूनही’ मधला ‘ही’

परवा आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी एका कॉलेज बेसबॉलपटूची बातमी टाकली. मैदानावर विद्यापीठाचे विक्रम आणि वर्गात चारपैकी चार जीपीए. खाली धडाधड अंगठे. "खेळूनही एवढे मार्क!" "मनात आणलं तर होतं बघा." "आमच्या चिरंजीवांना आज वाचून दाखवते." मीही लिहिलं होतं, "खेळूनही किती हुशार आहे पोरगा." पाठवायच्या आधी बोट थांबलं. त्या ‘ही’पाशी अडकले.

भिजूनही ताप आला नाही. आजारी असूनही कामावर आला. तसं, खेळूनही पहिला आला. म्हणजे खेळ हा आजार, त्यातून पोरगं कसंबसं वाचलं म्हणून कौतुक. सांगलीत वाढले तेव्हापासून हा ‘ही’ ऐकतेय. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तो हमखास असतो. न्यू जर्सीत येऊन तेवीस वर्षं झाली, मुलगा सोळाचा झाला, हायस्कूलच्या संघात सेकंड बेसला खेळतो, आणि तो ‘ही’ माझ्या तोंडात अजून जसाच्या तसा आहे.

त्यावरून जुन्या काळातला अमेरिकन बेसबॉलपटू मो बर्ग आठवला. आमच्या इथून तासाभरावर, न्यूअर्कमध्ये वाढलेला मुलगा. जन्म १९०२ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. वडील बर्नार्ड आधी लाँड्री चालवायचे, रात्रीच्या वर्गांना जाऊन फार्मसी शिकले आणि पुढे न्यूअर्कमध्ये औषधाचं दुकान टाकलं. मीही फार्मासिस्टच आहे, त्यामुळे हा माणूस मला लगेच दिसतो. काउंटरमागे दिवसभर उभा, पोटऱ्या भरून आलेल्या, तरी समोरच्याचं प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचणारा. तीन मुलं. एक डॉक्टर झाला, मुलगी शिक्षिका झाली. आणि धाकट्याने बेसबॉल खेळला.

हा धाकटा साडेतीन वर्षांचा असताना ‘मला शाळेत पाठव’ म्हणून आईच्या मागे लागला होता. सातव्या वर्षी तो एका चर्चच्या संघाकडून टोपणनावाने बेसबॉल खेळत होता. एकाच मुलाच्या या दोन ओढी, आणि त्याला त्या कधी दोन वाटल्याच नाहीत. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

सोळाव्या वर्षी हायस्कूल संपलं. दोन सत्रं न्यूयॉर्क विद्यापीठात काढून तो प्रिन्स्टनला गेला. १९२० च्या आसपासचं प्रिन्स्टन म्हणजे पैसेवाल्या, जुन्या घराण्यांच्या मुलांचं. न्यूअर्कच्या औषधवाल्याचा ज्यू मुलगा तिथे आपोआप सामावला जाईल अशी ती जागा नव्हती. तिथे त्याने आधुनिक भाषा हा विषय घेतला. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन आणि चक्क संस्कृत. हॅरल्ड बेंडर नावाचे नामांकित भाषाशास्त्रज्ञ तिथे होते, त्यांच्याकडे.

संस्कृत वाचून मी हरखले, मग जरा खट्टू झाले. दहावीला मीही शंभर गुणांचं संस्कृत घेतलं होतं. ‘स्कोअरिंग’ आहे म्हणून. देव शब्द पाठ, लट् लकार पाठ, परीक्षा झाली, पुस्तक रद्दीत. न्यूअर्कच्या या पोराने ते घेतलं, कारण भाषा एकमेकींच्या कोण लागतात हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आपल्या ‘ही’च्या जागी येणारा ‘अपि’ त्यालाही तिथे भेटलाच असणार.

आता मैदानाकडे. बर्ग शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. बेस म्हणजे धावताना क्रमाने गाठायचे टप्पे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे सणसणीत फटके बरेचदा तिथेच येतात. धावत जाऊन, वाकून चेंडू उचलायचा आणि त्याच दमात पार पलीकडे पहिल्या बेसला फेकायचा. बर्ग पळायला संथ होता. बॅटही त्याची काही विजेसारखी नव्हती. पण हात दणकट, आणि चेंडू कुठे येणार याचा अंदाज पक्का. १९२३ च्या शेवटच्या वर्षी प्रिन्स्टनने ओळीने १८ सामने जिंकले. त्या मोसमात बर्गची सरासरी .३३७ होती. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते, दहापैकी तीन वेळा सुरक्षित फटका बसला की तो चांगला फलंदाज. आणि हार्वर्ड-येल या जुन्या वैऱ्यांविरुद्ध त्याची सरासरी होती .६११. त्याच वर्षी त्याने पदवी घेतली, मॅग्ना कम लॉडे, म्हणजे विशेष गौरवासह.

आकडे सोडा. मला या सगळ्यात सगळ्यात लाडकी गोष्ट वेगळीच आहे.

प्रतिस्पर्धी संघाचा धावपटू दुसऱ्या बेसवर उभा असला की शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन या दोघांना सारखं ठरवावं लागतं, आता चेंडू झेलायला बेसवर कोण धावणार, तू की मी. हे ठरवायला हातात क्षणभर असतो. खुणा कराव्यात तर धावपटू बघतो. बोलावं तर तो दोन हातांवर उभा, ऐकतो. प्रिन्स्टनचा सेकंड बेसमन होता क्रॉसन कूपर. त्यालाही लॅटिन यायचं. मग हे दोघं मैदानातच लॅटिनमध्ये बोलायचे. समोरच्याला चेंडू कळायचा, धाव कळायची, भाषा कळायची नाही.

डोळ्यांसमोर आणा. तांबड्या मातीवर गुडघ्यात वाकलेली दोन वीस-एकवीस वर्षांची पोरं, हातमोजे जमिनीला टेकलेले, पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात आता उठणार, आणि मधल्या धावपटूच्या डोक्यावरून दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा जातेय. इथे मला सांगा, अभ्यास कुठे संपला आणि खेळ कुठे सुरू झाला? कोणी कोणाला सांभाळलं? ‘अभ्यास सांभाळून खेळ हो’ असं आपण म्हणतो, जणू एका हातात काचेचं भांडं आहे आणि दुसऱ्या हाताने चेंडू झेलायचाय. बर्गच्या हातात एकच वस्तू होती.

त्याच वसंतात न्यूयॉर्कमध्ये आणखी एक कॉलेजचा पोरगा खेळत होता. कोलंबिया विद्यापीठाचा लू गेरिग. १८ एप्रिल १९२३ ला नवं यांकी स्टेडियम उघडलं, आणि त्याच दिवशी गेरिगने विल्यम्स कॉलेजविरुद्ध पिचिंग करताना १७ फलंदाज बाद केले. तरी सामना हरला. गेरिगची आई कोलंबियातल्याच विद्यार्थ्यांच्या एका निवासात स्वयंपाक करायची. तिची एकच इच्छा होती, लेकाने इंजिनियर व्हावं. वाचताना वाटलं, ही बाई तर आमच्या गल्लीतली! घरात आजारपण आलं, पैशाची ओढाताण झाली आणि गेरिगने शिक्षण अर्धवट सोडून यांकीज या व्यावसायिक संघाशी करार केला. पुढे २१३० सामने सलग खेळला. पण पदवी राहिली ती राहिलीच. तिथे मला खेळाचा दोष दिसत नाही. गरिबी होती. आपल्याकडेही किती पोरांचं असंच होतं, आणि आपण बोट खेळाकडे दाखवतो.

बर्गने कॉलेजचा शेवटचा सामना २६ जूनला त्याच यांकी स्टेडियमवर येलविरुद्ध खेळला. संघ हरला, पण त्याला दोन फटके मिळाले. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिन रॉबिन्सने ५,००० डॉलरचा करार केला आणि त्याच दिवशी तो व्यावसायिक संघाकडून मैदानात उतरलाही. मोसम संपल्यावर या पठ्ठ्याने त्या पैशात काय केलं? जहाज पकडून पॅरिसला गेला आणि सोरबोन विद्यापीठात भाषेचे वर्ग लावले. तिथेच त्याला रोज ढीगभर वर्तमानपत्रं वाचायची सवय लागली, ती आयुष्यभर सुटली नाही. न वाचलेला पेपर म्हणजे ‘जिवंत’ पेपर. दुसऱ्या कुणी हात लावला की त्याच्या लेखी तो मेला, नवा आणायचा. सकाळी घडी न मोडलेला पेपर हातात मिळावा म्हणून रुसणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे लगेच कळेल.

मग कायदा. शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळतानाच त्याने कोलंबिया लॉ स्कूलमध्ये नाव घातलं. मोठी पंचाईत झाली. बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो, आणि वर्ग तेव्हा चालू असतात. १९२६ मध्ये तो पहिल्या वर्षाचं शिक्षण पुरं करून संघात उशिरा दाखल झाला. मालकांना ते कसं आवडणार? अशा वेळी नोएल डाउलिंग नावाचे प्राध्यापक मदतीला आले. त्यांनी सुचवलं की शरद ऋतूच्या सत्रात जादा विषय घे, पुढच्या वर्षीच्या रजेचं मी डीनशी बोलतो. झालं. वेळापत्रक हललं आणि प्रश्न सुटला.

या प्राध्यापकांबद्दल मला फार आदर वाटतो. ‘आधी ठरव, तुला वकील व्हायचंय की चेंडू मारायचाय’ असं ते म्हणू शकले असते. मी बी. फार्म करत असताना मला हे शब्दशः ऐकवलं गेलंय. विद्यापीठाच्या खो-खो संघाच्या शिबिरासाठी आठ दिवसांची रजा मागायला गेले होते. प्रॅक्टिकलची वही उशिरा दिली तरी चालेल एवढं एक वाक्य हवं होतं. "खेळून पोट भरणार आहे का?" असं विचारून अर्ज परत दिला. त्या कॉलेजचं नाव घ्यायची गरज नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या कॉलेजात तसं बोलणारं कुणी ना कुणी होतंच.

आणि हो, बर्ग एका विषयात नापास झाला. पुरावा कायद्यात. त्यामुळे १९२९ ची पदवी हुकली. न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा मात्र तो पास झाला होता. मग तो विषय पुन्हा दिला आणि फेब्रुवारी १९३० मध्ये पदवी घेतली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आदर्श मुलांच्या बातम्यांत हा नापास विषय कधी येत नाही. माझ्या मुलाला मी बर्गची गोष्ट सांगितली तेव्हा तो सगळ्यात जास्त इथेच खुलला.

शिकागोत आणखी एक झालं. १९२७ च्या मोसमात संघाचे कॅचर एकामागून एक जखमी झाले आणि शॉर्टस्टॉप बर्गला पॅड बांधून प्लेटमागे बसवलं. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक, पण त्याहून जबाबदार. प्रत्येक चेंडू कसा टाकायचा ते तो ठरवतो, समोरचा फलंदाज मागच्या वेळी कशाला फसला होता हे त्याला आठवावं लागतं. हे काम बर्गच्या डोक्याला इतकं मानवलं की पुढे वॉशिंग्टनच्या संघात असताना त्याने सलग ११७ सामने एकही चूक न करता कॅचिंग केलं. अमेरिकन लीगचा तो विक्रम होता. १९४१ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात त्याने पिचर आणि कॅचर यांच्या नात्यावर लेख लिहिला, तो आजही आदराने वाचला जातो. फलंदाजीत मात्र तो कधी मोठा झाला नाही. १५ मोसमांची सरासरी .२४३, होमरन, म्हणजे आपले षटकार म्हणा, अवघे सहा. एवढ्या भाषा येतात पण एकाही भाषेत चेंडू मारता येत नाही, अशी थट्टा त्या काळचे खेळाडू करायचे. त्याचं त्याने वाईट वाटून घेतल्याचं दिसत नाही. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होण्यापेक्षा मला बॉलपटूच व्हायला आवडेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

त्याच्या हेरगिरीबद्दल लोक फार लिहितात, म्हणून मी थोडक्यात उरकते. १९३४ साली बेब रूथ, गेरिग अशा नामवंत खेळाडूंसोबत तो जपानला गेला, तिथल्या एका रुग्णालयाच्या गच्चीवरून टोकियोचं चित्रीकरण केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गुप्तचर खात्यात शिरला. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिकला हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला खिशात पिस्तूल ठेवून बसला. जर्मनीचा अणुबॉम्ब जवळ आलाय असं वाटलं तर गोळी घालायची होती. त्याने ऐकलं, तोललं, आणि पिस्तूल खिशातच राहिलं. युद्धानंतर मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, ते त्याने नाकारलं.

आता बर्नार्ड.

औषधवाल्या बर्नार्ड बर्गनी आपल्या मुलाचा एकही सामना पाहिला नाही. प्रिन्स्टनचा नाही, यांकी स्टेडियमवरचा नाही, पुढच्या पंधरा मोसमांतला नाही. ते १९४२ पर्यंत हयात होते. न्यूअर्कहून यांकी स्टेडियम असं किती लांब? बर्गचे संघ दरवर्षी तिथे खेळायला यायचे. दुकानामुळे वेळ मिळत नसेल असं मी आधी स्वतःला समजावलं, कारण दुकानाचे तास मला माहीत आहेत. पण तसं नव्हतं. त्यांना ते आवडतच नव्हतं. इतकी बुद्धी असलेला मुलगा चेंडू खेळण्यात आयुष्य घालवतोय, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी त्यांना नावं ठेवणार नाही. लाँड्रीच्या वाफेतून वर आलेल्या माणसाला शिक्षण म्हणजे काय वाटत असेल, हे मला कळतं. माझे अण्णाही तसेच. शाळेत कारकून, तिघी बहिणींना शिकवलं, कर्ज काढून शिकवलं. आमची आंतरमहाविद्यालयीन खो-खोची अंतिम लढत कोल्हापूरला होती. सांगली-कोल्हापूर एसटीने जेमतेम दीड तास. माझ्या मैत्रिणींचे आईवडील डबे घेऊन आले होते. शेवटच्या पाळीत मी खांबावरून सूर मारून गडी बाद केला, कोपर सोलून निघालं, आणि उठल्या उठल्या पहिल्यांदा प्रेक्षकांच्या रांगेकडे बघितलं. अण्णा येणार नाहीत हे माहीत असून बघितलं. घरी आले तर त्यांनी कोपराला हळद लावली आणि विचारलं, "परीक्षा कधीपासून?"

तीस वर्षं होत आली. ती हळदही आठवते आणि ती रांगही.

आणि मी काय केलं? मुलाच्या शनिवारच्या सामन्यांना मी गेली दोन वर्षं दुकानातली पाळी घेतेय. दुसऱ्यांना पाळी बदलून द्यायला मी तयार असते, स्वतःसाठी कधी मागत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर विचारते, "गणिताचं सबमिशन झालं का?" वाक्य बदललं, सूर अण्णांचाच. या देशात कॉलेजच्या खेळाडूंसाठी खूप काही बसवलेलं आहे. मोसमात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा, अभ्यासातल्या गुणांसह निवडला जाणारा ‘अकॅडमिक ऑल-अमेरिका’ संघ, तो तर १९५२ पासून. बर्गनंतरही असे कितीतरी झाले. माइक मुसिना स्टॅनफर्डमधून अर्थशास्त्राची पदवी साडेतीन वर्षांत घेऊन पिचर झाला. क्रेग ब्रेस्लो येलमध्ये रेण्वीय जैवभौतिकी आणि जैवरसायन शिकला, वर्ल्ड सिरीज हे व्यावसायिक बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या रेड सॉक्स संघात होता, आणि आज त्याच क्लबचा बेसबॉलचा कारभार बघतो. व्यवस्था आहे, उदाहरणं आहेत. पण जो ‘ही’ घरात जेवणाच्या टेबलावर बसलेला असतो, त्याला कुठलं विद्यापीठ उठवणार?

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तिथेही खेळाची किंमत शेवटी मार्कांतच मोजून हातात ठेवतात, आणि गुण मिळाले की बहुतेक घरांत किट माळ्यावर जातं. मुलाला त्यात काय सापडलं होतं, हे कुणी विचारत नाही.

गेल्या शनिवारी मी पाळी बदलून घेतली आणि मैदानावर गेले. थंडी होती, बाकावर बसवत नव्हतं. पाचव्या इनिंगमध्ये समोरच्यांचा एक चपळ पोरगा पहिल्या बेसवर पोचला आणि दुसऱ्या बेसकडे टपून उभा राहिला. माझ्या मुलाने हातमोजा तोंडापुढे धरला आणि शॉर्टस्टॉपला काहीतरी म्हणाला. तो शॉर्टस्टॉप डॉमिनिकन घरातला, घरी स्पॅनिश बोलणारा. त्यानेही मोज्याआडून उत्तर दिलं. पोरगा पळाला, कॅचरने चेंडू फेकला, माझा मुलगा बेसवर आधीच पोचलेला होता.

गाडीत विचारलं, "काय बोलत होतात रे तुम्ही?"

"तू सांगितलं होतंस ना, लॅटिन. आम्हाला लॅटिन येत नाही. स्पॅनिश तर समोरच्या टीमलाही येतं. म्हणून मी त्याला दोन शब्द शिकवलेत."

"कुठले?"

"‘तू’ आणि ‘मी’."

मला काही बोलता येईना. सिग्नल हिरवा झालेला, मागून हॉर्न.

रविवारी नेहमीप्रमाणे सांगलीला फोन लावला. अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, मोठ्याने सांगावं लागतं. नातवाचा अभ्यास कसा चाललाय, हा त्यांचा पहिला प्रश्न. तो झाल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. बेसबॉल त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. दुसरा बेस म्हणजे खो-खोतला खांब समजा, म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाले, "पण तो पळणारा बाद झाला का?"

"झाला अण्णा. हातभर आधी."